पाठमोरे पद

कोंडवेळच्या खाडीकाठी असलेल्या नाट्यगृहात नाटकाचे शेवटचे पद प्रेक्षकांकडे पाठ करून गातात. मागचा रंगवलेला पडदा गुंडाळला जातो, त्यामागचे लाकडी दार उघडते, दिवे मालवले जातात आणि नट खाडीकडे तोंड करून उभा राहतो. या प्रथेमागच्या कथेचे तीन पाठ प्रचलित आहेत. कोळीवाड्यात सांगतात की, खाडीच्या देवाने नाटकाचा मान मागितला. देवळातले पुजारी तो मान पैलतीरावरच्या देवीचा मानतात. दोन्हींत दैवताचा कोप आणि त्याचे शमन हा परिचित सांगाडा दिसतो. तिसरा पाठ पैलतीरावरच्या तरवडे गावचा. त्यात कोपही नाही आणि दैवतही नाही. नाट्यगृहाची देखरेख करणारे वृद्ध वासुनाना पाहुण्यांना हाच पाठ सांगतात, तोही त्या दाराला टेकून.

त्या काळी खाडीवर पूल नव्हता. नाटके पंचमीला दुपारी होत. कारण त्या तिथीला तरवड्याच्या मंडळींना भरतीच्या पाण्यावर होडीने येता येई. परतताना मात्र ओहोटी लागलेली असे; उशीर झाला तर होडी चिखलात रुते. दिवस कलला की होडीचा उस्मान तांडेल नाट्यगृहाच्या दारात येऊन हाक देई, "चला हो चला, चिखल काय तुमच्या नाटकासाठी थांबायचा नाही!" शेवटचा अंक सुरू होत असतानाच तरवडेकर उठत.

तरवड्याची सत्यभामा आणि तिचे पती त्र्यंबकराव लग्न झाल्यापासून एकही पंचमी चुकवत नसत, असे सांगतात. तरीही त्यांनी कुठल्याच नाटकाचा शेवट पाहिला नव्हता. परतीच्या होडीत दोघे आपापला शेवट रचत आणि त्यावरून भांडत. वल्ही थांबवून निकाल द्यायचा तो उस्मानने.

पुढे त्र्यंबकरावांना अर्धांगवायूने अंथरुणाला खिळवले. तरी पंचमी आली की ते बायकोला धाडत, "तू जा. बघून ये आणि मला सांग." घरी आल्यावर ती लुगडे न बदलता त्यांच्या उशाशी बसे, पदे गुणगुणे, सोंगे वठवी आणि शेवट मनानेच रचून सांगे.

"म्हणजे दोघं भेटली शेवटी?"

"भेटली तर."

"अगो, गेल्या खेपेला तर तू तिला मारली होतीस!"

त्या दिवशी दोघेही खूप हसले. हसणे ओसरल्यावर त्र्यंबकराव हळूच म्हणाले, "एकदा खरा शेवट कानावर पडायला हवा होता." त्यांचा आवाज दिवसेंदिवस खोल जात होता. पुढच्या कितीशा पंचम्या त्यांच्या वाट्याला आहेत, हे सत्यभामेला विचारावे लागत नव्हते.

पुढच्या खेळाआधी ती रंगपटाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. नाटकमंडळीचे गायकनट भार्गवबुवा तोंडाला रंग लावत होते.

"बुवा, शेवटचं पद आज आधी म्हणाल का? पाठ करून घरी नेईन म्हणते."

बुवा हसले. "काकू, आधी म्हटलं तर ते शेवटचं कसं राहील?"

मग तिने सारे सांगितले. बुवांचा हात रंगाच्या वाटीतच राहिला. त्यांनी एवढेच विचारले, "घराची ओटी खाडीकडे आहे ना?"

ती नेहमीप्रमाणे उस्मानच्या हाकेला उठली. घरी पोहोचताच तिने शेजाऱ्यांच्या मदतीने पतीला ओटीवर आणून लोडाला टेकवून बसवले. इकडे शेवटचे पद आले, तेव्हा बुवांनी पडदा गुंडाळायला लावला आणि वाऱ्यामुळे कायमचे बंद ठेवलेले दार उघडवले. प्रेक्षकांना पाठ दाखवणे हा रंगभूमीचा अपमान. आपण कोणासाठी गातो आहोत ते सांगून बुवांनी तो जाणूनबुजून केला. वाऱ्याने दिवे विझले. पद अंधारात, पाण्यावरून निघाले. ते संपेपर्यंत ओहोटीचे पाणी जागच्या जागी थांबले होते म्हणे. एवढा एक चमत्कार तरवडेकर आपल्या पाठात राखून आहेत.

पद संपल्यावर त्र्यंबकराव म्हणाले, "भेटली म्हणायची. पण तुझे शेवट याहून बरे होते हो." आणि वर, "वन्स मोअर दे की!"

बुवांचा गळा वेगळा; तिची हाक एवढ्या लांब कशी जाणार? सत्यभामेने कंदील उचलून डोक्यावर धरला. उघड्या दारातून पैलतीरावरचा तो उजेड प्रेक्षकांना दिसला आणि सारे नाट्यगृह तिच्या वतीने 'वन्स मोअर' म्हणून उठले. बुवा मागे वळले नाहीत. तसेच पाठमोरे पुन्हा गायले.

त्यानंतर दर पंचमीला दार उघडू लागले. त्र्यंबकरावांना अशा तीन-चारच पंचम्या लाभल्या. सुतक फिटल्यावर सत्यभामा नाटकाला आली, तेव्हा आज तरी ती शेवट डोळ्यांनी पाहील, असे सर्वांनी गृहीत धरले. उस्मानने हाकसुद्धा हळू दिली. जवळ येऊन तो म्हणाला, "काकी, तुम्ही बसा आज. पहाटेच्या भरतीला मी नेतो ना तुम्हाला."

रंगमंचावर शेवटच्या अंकाचे सूर लागले होते. तिने क्षणभर तिकडे पाहिले आणि शेजारच्या रिकाम्या जागेवरची शाल उचलली.

"मी इथे बसले, तर कंदील कोण दाखवील रे?"

ती होडीत जाऊन बसली.

आता पूल झाला आहे, पंचमीचे खेळ सरले आहेत, नाटक वर्षाकाठी एखादेच लागते. आजही शेवटचा अंक सुरू होताना तरवड्याचे कोणीतरी एक माणूस उठून बाहेर पडते, पूल ओलांडून पलीकडे जाते. दार उघडते, दिवे मालवतात, नट पाठ फिरवतो आणि गातो. पैलतीरावर कंदील वर जातो. पद पुन्हा होते, आणि पडदा पडतो.