सतरा कवडसे

"...म्हणूनच विचारतो बुवा, घर शाकारताना हुकूम कुणाचा चालायचा? वर छपरावर असतो त्याचा, की खाली सतरंजीवर लोळत असतो त्याचा?"

धर्माबुवा देवळाच्या ओट्यावर वाल सोलत होते. गोसावी होण्याआधी चाळीस वर्षं त्यांनी आसपासच्या गावांतली घरं शाकारली होती.

विचारणारे हेमंत गोडांबे पुण्याच्या एका कारखान्यात साठ माणसांवर हुकूम चालवत. शनिवार-रविवारी मात्र त्यांच्या हाताखाली एकच माणूस उरे, आणि ते ऐकत नसे.

ते माणूस म्हणजे त्यांची बायको, शैलजाबाई. त्या शेजारीच उभ्या होत्या.

"लोळत नसते मी," त्या म्हणाल्या. "कवडसा कुठून येतो ते आडवं पडल्याशिवाय कळत नाही. मी ओरडून सांगते, ईशान्येला सरका. हे जातात चुलीकडे."

"घरात ईशान्य असते का हो, बुवा?"

"भूगोल शिकवते मी. माझ्या घरात असते."

गावाबाहेरचं ते जुनं कौलारू घर दोघांनी हौसेनं घेतलं होतं. अकरा शनिवार झाले. जमीन सारवून झाली, दारं घासून झाली, अंगणात बसून 'किती शांत आहे नाही' असं म्हणूनही झालं. छप्पर तेवढं राहिलं. एक भोक बुजवावं, तर साहेबांच्या पायाखाली दुसरं पडे.

"आजचा दिवस शेवटचा," शैलजाबाई म्हणाल्या. "आज जमलं नाही, तर पुढच्या शनिवारी यांनी एकट्यानं यावं. आडवंच पडायचं, तर मी घरी गादीवर पडेन."

गोडांबे हसले नाहीत. "एकट्यानं..." एवढंच म्हणाले.

बुवांनी वाल बाजूला सारले. "चला."

घरापाशी आल्यावर बुवांनी शिडीकडे बोट दाखवलं. "दोघं वर चढा."

"दोघं?"

"दोघं."

चढले. बुवांनी अंगणातून विचारलं, "साहेब, भोकं दिसतात?"

गोडांबे यांनी चष्मा पुसून एकेक ओळ तपासली. "एकही नाही."

"बाई, तुम्हाला?"

"नदी दिसते! अहो, इथून नदी दिसते, हे अकरा आठवड्यांत सांगितलं नाहीत मला?"

"माझं लक्ष कामावर असतं."

"उतरा," बुवा म्हणाले. "आत जाऊन आडवे व्हा. दोघं."

दोघं सतरंजीवर शेजारी शेजारी आडवे झाले. काळोखात कवडसेच कवडसे. त्यातला एक साहेबांच्या टकलावर.

"किती?"

"सतरा," दोघं एकदम म्हणाले. अकरा आठवड्यांतलं पहिलं एकमत.

"सगळे दिसले?"

"सगळे, बुवा. एकूण एक."

"मग साहेब, द्या हुकूम."

...

गोडांबे कौलांकडे बघत राहिले. कौलं त्यांच्याकडे बघत राहिली. कुणीच जागचं हललं नाही.

आधी शैलजाबाईंना हसू फुटलं. मग साहेबांचं पोट हलू लागलं, आणि टकलावरचा कवडसा नाकावर आला.

बुवांनी कोपऱ्यातला लांब बांबू घेतला, खराट्याची एक हीर ओढून त्याच्या टोकाला बांधली आणि तो शैलजाबाईंच्या हातात दिला.

साहेब वर गेले. खालून हीर भोकात शिरली आणि दोन कौलांच्या मधून बाहेर येऊन वळवळू लागली.

"दिसली!" वरून आरोळी आली. "धरली!"

"अहो, धरली तर सोडा आता. कौल सरकवा."

"थांब गं जरा..."

दुपारच्या चहापर्यंत सतराही भोकं बुजली. ईशान्येचं नाव कुणी काढलं नाही.

गोडांबे कपडे झटकत आत आले. खोलीत छान गार काळोख होता. तिघं उभे राहिले.

"झालं," साहेब म्हणाले.

"झालं की," बाई म्हणाल्या.

...

"म्हणजे पुढच्या शनिवारी..."

"पुढच्या शनिवारी काय? कामच संपलं." शैलजाबाई खाली वाकून सतरंजी गुंडाळू लागल्या. फार सावकाश गुंडाळत होत्या.

बुवांनी बांबू उचलला. वर न बघताच एका कौलाला हलकेच ढोसलं.

दोघांच्या मधोमध, सारवलेल्या जमिनीवर, रुपयाएवढा कवडसा पडला.

"बुवा!" गोडांबे ओरडले. "अहो, हे काय केलंत? आता हे कोण बुजवणार?"

बुवांनी बांबू होता तिथं ठेवला. वहाणा पायात सरकवल्या. दारात क्षणभर थांबले.

"सतरंजी राहू द्या, बाई."