चिंबूच्या शिंपल्यावर म्हैस बसली

चिंबूला वाटलं होतं, कोल्हापूरला लाल समुद्र असेल.

तिखट तिखट, लाल लाल समुद्र. त्यात रश्श्याच्या लाटा. लाटांवर शेवेचा फेस.

चिंबू होती मालवणची खेकडी. एवढुश्शी, नखाएवढी. तिला समुद्रच ठाऊक. मग दुसरं काय वाटणार?

ती एसटीत बसली. कंडक्टरकाकांच्या खिशात बसली. घाट चढली, घाट उतरली. आणि कोल्हापुरात टुणकन् उडी मारली.

बघते तर काय! समुद्र नाहीच. लाटही नाही. नुसती दुकानंच दुकानं!

इथे भडंगाचं दुकान. कुरुम् कुरुम्. तिथे गुळाचं दुकान. गोड गोड. पलीकडे चपलांचं दुकान. कर्र कर्र. आणि सगळीकडून मिसळीचा वास! असा वास, असा वास, की चिंबूचे डोळेच लांब झाले. खेकड्याचे डोळे दांडीवर असतात ना? वास आला, की दांडी वाढते.

"समुद्र नाही तर नाही," चिंबू म्हणाली. "मिसळ तर आहे!"

तिनं घरून आपला शिंपला आणला होता. मिसळ खायला. हॉटेलातली ताटली केवढी मोठी! चिंबू त्यात बुडाली असती. म्हणून आपला शिंपलाच बरा.

तिनं शिंपला चौकात खाली ठेवला. पाय झाडायला लागली. हा पाय झाडला. तो पाय झाडला. मग तो. मग हा. खेकड्याचे पाय म्हणजे वेळ लागतोच.

तेवढ्यात चौकात एक दुकान चालत आलं.

हो, चालत! कोल्हापुरात दुधाचं दुकान चार पायांवर चालत येतं. म्हैसच चौकात येते. गवळीमामा तिथंच धार काढतो. चुर्र चुर्र. लोक तिथंच ग्लास तोंडाला लावतात. गट गट.

या म्हशीचं नाव होतं बिजली. पण ती हलायची नाही.

बिजली आली. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि बसली.

बद्दकन्!

कुठे बसली? चिंबूच्या शिंपल्यावर!

"म्हैसताई, म्हैसताई, ऊठ ना! माझा शिंपला सुटेना!"

बिजली रवंथ करत म्हणाली, "उठते की! न्हाई कोण म्हणतंय? पण आधी हलगी वाजू दे."

"हलगी? ती कशाला?"

"हलगीबिगर उठायची सवय न्हाई मला."

गवळीमामा कानात म्हणाला, "मिरवणुकीची म्हैस हाय, बाळ. मीच लाडावून ठेवलीया."

चिंबू निघाली. खुटू खुटू, आडवी आडवी. डोळ्यांत पाणी, पाय चालले हलगीकडे आणि तोंड मात्र दुकानांकडे! आडवं चालण्याचा हा फायदा. चालता चालता सगळी दुकानं बघून होतात.

तालमीच्या दारात हलगीवाले दगडूमामा बसले होते.

"काय गं इवलुशे, का रडतीस?"

चिंबू म्हणाली,

"म्हैस काही उठेना,
माझा शिंपला सुटेना!
मामा मामा, हलगी वाजवा!"

दगडूमामा म्हणाले, "वाजवतो की! न्हाई कोण म्हणतंय? पण आधी हलगी तापू दे. गार हलगी बोलत न्हाई. ही बघ!"

त्यांनी हलगीवर बोट मारलं. भद्. भद्.

"ऐकलंस? चुलीवर धरली, की बोलंल. हौसाआक्काची चूल पेटली का बघ जा."

चिंबू निघाली. खुटू खुटू, आडवी आडवी. वाटेत गुळाची ढेप होती. तोंड तिकडेच होतं. मग काय! एकदा चाटून घेतलं. चट्!

हौसाआक्काचं मिसळीचं हॉटेल आलं. आक्का दारात उभी होती. तिनं खाली बघितलं आणि दचकली.

"अगं बाई, खेकडा! माझ्याकडं खेकड्याचा रस्सा न्हाई मिळत हं. नुसती मिसळ मिळती."

"मी खायला आलेय," चिंबू म्हणाली. "रश्श्यात पडायला नाही!"

"मग का रडतीस, इवलुशे?"

चिंबू म्हणाली,

"हलगी काही वाजेना,
म्हैस काही उठेना,
माझा शिंपला सुटेना!
आक्का आक्का, चूल पेटव!"

आक्का म्हणाली, "पेटवते की! न्हाई कोण म्हणतंय? पण आधी चटणी येऊ दे. कांदा-लसणाची लाल चटणी. चटणीबिगर रस्सा म्हणजे नुसतं गरम पाणी! त्यानं काय आंघोळ करायची? शकूमावशीचा डंका चालू झाला का बघ जा."

चिंबू निघाली. खुटू खुटू, आडवी आडवी. वाटेत भडंगाचं पोतं होतं. पोत्याआडून एक चुरमुरा म्हणाला, "कुरुम्!" चिंबू म्हणाली, "आत्ता नाही रे. आत्ता मी रडतेय."

शकूमावशीचा डंका आला. डंका म्हणजे मिरच्या कुटायचं यंत्र. मोठ्ठी लोखंडी मुसळं. वर जातात, खाली येतात. पण आज मुसळं वरच्या वर उभी. आणि मावशी उभी एका पायावर. बगळ्यासारखी.

"काय गं इवलुशे, का रडतीस?"

चिंबू म्हणाली,

"चूल काही पेटेना,
हलगी काही वाजेना,
म्हैस काही उठेना,
माझा शिंपला सुटेना!
मावशी मावशी, डंका चालव!"

मावशी म्हणाली, "चालवते की! न्हाई कोण म्हणतंय? पण आधी माझी चप्पल जुळू दे. तिचा अंगठा तुटलाय. खाली बघ, सगळं तिखटच तिखट! अनवाणी पाय टेकला, तर नाचत गावभर जाईन मी. सदूकाकांनी चप्पल शिवली का बघ जा."

चिंबूनं स्वतःच्या पायांखाली बघितलं.

तिखट!

मग काय! चिंबू निघाली नाही, उडालीच. हाय हुय, हाय हुय! खुटू खुटू, आडवी आडवी!

सदूकाका दुकानात बसले होते. समोर शकूमावशीची चप्पल. शेजारी चामड्याची वादी. हातात काहीच नाही. काका नुसते रस्त्याकडे बघत होते.

"काय गं इवलुशे, का रडतीस?"

चिंबू म्हणाली,

"डंका काही चालेना,
चूल काही पेटेना,
हलगी काही वाजेना,
म्हैस काही उठेना,
माझा शिंपला सुटेना!
काका काका, चप्पल जोडा!"

सदूकाका म्हणाले, "जोडतो की! न्हाई कोण म्हणतंय? पण आधी चहा येऊ दे. चहाबिगर माझा हात चालत न्हाई."

"मग चहा कुठाय?"

"चहाला दूध न्हाई."

"दूध कुठाय?"

"म्हशीपाशी."

"म्हैस कुठाय?"

"बसलीया की चौकात! उठलीच न्हाई बघ आज. काय झालंय कुणास ठाऊक."

चिंबूचे डोळे गोल गोल फिरले.

म्हणजे काय?

"चप्पल काही जुळेना,
डंका काही चालेना,
चूल काही पेटेना,
हलगी काही वाजेना,
म्हैस काही उठेना..."

म्हैस उठेना, म्हणून दूध मिळेना. दूध मिळेना, म्हणून चहा येईना. चहा येईना, म्हणून चप्पल काही जुळेना! चप्पल जुळेना, म्हणून डंका चालेना...

चिंबू गरगरली. गोष्टपण गरगरली. चिंबू धपकन् खाली बसली.

आता कुणाकडे जायचं? सगळ्यांकडे जाऊन झालं. नाही कुणीच म्हणत नाही. सगळे म्हणतात, पण आधी. पण आधी. पण आधी!

पोटात भूक. शिंपला म्हशीखाली. आणि मिसळीचा वाससुद्धा आता विरायला लागला.

चिंबू थोडा वेळ रडली. मग तिला रडायचा कंटाळा आला.

"कुणीच आधी नाही?" ती म्हणाली. "मग मीच आधी!"

ती टुणकन् चपलेवर चढली. तिनं नांगी उघडली. वादी धरली. कच्च! कापली. भोकात घातली. खुपुक्! ओढली. सुर्र! पुन्हा घातली. खुपुक्! पुन्हा ओढली. सुर्र!

टाका पडला. पण कसा? चिंबू चालते तसा. आडवा!

सदूकाकांनी बघितलं. एक डोळा मिटला. दुसरा उघडला.

"अगं अगं अगं! आडवा टाका? माझ्या दुकानात आडवा टाका?"

"मला आडवंच येतं," चिंबू म्हणाली आणि अजून एक घातला. खुपुक्!

"हाय हाय! थांब! सर! आण इकडं!"

काकांना बघवेना. त्यांनी चप्पल ओढली. आडवा टाका काढला. सरळ टाका घातला. टोचायची आर घेतली, वादी ओढली, हातोडी मारली. टक टक टक! अंगठा जुळला.

मग काका थांबले. हाताकडे बघायला लागले.

"अरेच्चा! चहाबिगर चालला की हात!"

"चला!" चिंबू ओरडली. ती चपलेत बसली. होडीत बसतात तशी. काका चप्पल घेऊन धावले.

शकूमावशीनं चप्पल घातली.

चप्पल जुळली, कर्र कर्र!
डंका चालला, धडाम् धुम्!

लाल चटणी पडली. मावशी शिंकली, काका शिंकले, चिंबू शिंकली. हाक्छी! हाक्छी! हिक्!

मावशी चटणी घेऊन धावली. हौसाआक्कानं पदर खोचला.

चूल पेटली, भुर्र भुर्र!

दगडूमामा हलगी घेऊन धावत आले. चुलीच्या धगीवर हलगी धरली. अशी फिरवली, तशी फिरवली. बोट मारलं. टण्ण!

हलगी वाजली, टणाटण् टण् टणाटण् टण्!

सगळे चौकात आले. बिजलीनं एक कान हलवला. मग दुसरा कान हलवला. मग शेपूट हलवलं. मग बिजली हलली!

म्हैस उठली, हुश्श्श!

चिंबू धावली. बघते तर काय!

खाली शिंपलाच नाही!

शिंपला गेला कुठे? सगळे शोधायला लागले. बिजली मात्र थाटात चालायला लागली. हलगी वाजतेय ना! आता ती कसली थांबते?

आणि चिंबूला दिसलं. शिंपला होता बिजलीच्या ढुंगणावर! चिखलात चिकटलेला! उन्हात चमकत होता, बक्षीस मिळाल्यासारखा.

"माझा शिंपला!"

झाली मिरवणूक सुरू. पुढे बिजली. मागे गवळीमामा दुधाची चरवी घेऊन. मागे दगडूमामा, टणाटण् टण्. मागे आक्का, हातात रश्श्याचा डाव. मागे मावशी, कर्र कर्र. मागे सदूकाका, वादी गळ्यात. आणि सगळ्यांत मागे चिंबू. खुटू खुटू, आडवी आडवी.

"बिजलीताई, शेपूट हलव!" चिंबू ओरडली.

बिजली म्हणाली, "हलवते की! न्हाई कोण म्हणतंय? पण आधी..."

सगळे एकदम ओरडले, "हलव!"

बिजली इतकी दचकली, की शेपूट आपोआप हललं. फटाक्!

शिंपला सुटला, टिंग!

चिंबूनं तो झेलला. दोन्ही नांग्यांत. जरासाही फुटला नव्हता.

बिजली म्हणाली, "तरीच! सकाळपासनं बसायला टोचत होतं काहीतरी."

गवळीमामानं शिंपला धुतला. एकदा धुतला. म्हशीखालचा होता ना? म्हणून पुन्हा धुतला. हौसाआक्कानं त्यात मिसळ वाढली. एक मटकी. एक शेव. कांद्याचा एक तुकडा, मुंगीएवढा. आणि वरून लाल रश्श्याचा एक थेंब.

"खा गं माझ्या बाई," आक्का म्हणाली. "लई दमलीस."

चिंबूनं घास घेतला.

आणि तिचे डोळे वर गेले! वर, वर, वर! दुकानाच्या पाटीपर्यंत! दिव्याच्या खांबापर्यंत! वरून तिला सगळं कोल्हापूर दिसलं.

"तिखट!" चिंबू किंचाळली. "अजून!"

गवळीमामानं धार काढली. चुर्र चुर्र. दुधाचा एक थेंब शिंपल्यात. गट! डोळे खाली आले. सुर्र्र्र. मग पुन्हा मिसळ. डोळे वर. पुन्हा दूध. डोळे खाली. वर, खाली! वर, खाली! चौकातली मुलं टाळ्या वाजवत होती.

सदूकाकांचा चहासुद्धा आला. पण काका पुढची चप्पल शिवण्यात इतके रमले, की तो गार झाला.

चिंबू पोट भरून झोपली. चौकातल्या कट्ट्याच्या दगडात एक फट होती. गार गार, ओली ओली. त्या फटीत.

सकाळ झाली. पों पों! एसटी आली. कंडक्टरकाकांनी दारातून हाक मारली.

"मालवण, मालवण! चल गं बाळ, बस खिशात!"

चिंबूनं एसटीकडे बघितलं. मग चौकाकडे बघितलं.

चौकात भडंगवाला गप्प बसला होता. तो फुलवालीकडे बघत होता. फुलवाली पाणीवाल्याकडे बघत होती. पाणीवाला भडंगवाल्याकडे बघत होता. सगळे म्हणत होते, "करतो की! न्हाई कोण म्हणतंय?"

चिंबूच्या नांग्या खाजायला लागल्या.

"काका, तुम्ही जा," ती म्हणाली. "मी इथंच राहणार. मला दुकान काढायचंय."

"दुकान? कसलं गं?"

"सुरुवातीचं. ज्याचं काम अडलंय, त्याला सुरुवात करून द्यायची."

कंडक्टरकाका हसले. म्हणाले, "काढ की! न्हाई कोण म्हणतंय? पण आधी..."

पण तोवर चिंबूनं कट्ट्याची फट झाडायला घेतलीसुद्धा होती. खर्र खर्र, आडवी आडवी.