पाळण्याखालचे चार हात

आंबेखोलच्या ओढ्यावर पुलाचे खांब उभे राहिले आणि काम थांबलं. दवाखाना पलीकडे, द्वारकाची तान्ही लेक अलीकडे. ओढा फुगला की पलीकडे जायची वाटच बंद.

लेकीच्या बारशादिवशीच दिल्लीचे आणि मुंबईचे साहेब पाहणीला आले. सरपंचांनी दोघांना घुगऱ्या खायला आणलं, तर तिथंही पुलाचाच वाद!

"आधी राज्यानं काम सुरू करावं, मग आम्ही निधी सोडू," दिल्लीवाले म्हणाले.

"आधी केंद्रानं निधी सोडावा, मग आम्ही काम सुरू करू," मुंबईवाले म्हणाले.

बायका पाळण्याखालून बाळ एकमेकींकडे देत होत्या. द्वारका पदर खोचून आधी दिल्लीवाल्यांकडे, मग मुंबईवाल्यांकडे वळली. "काका, आता बाळ तुम्ही द्या. आणि दादा, तुम्ही पलीकडून घ्या."

दोघे गडबडले, पण वाकले. मुंबईवाल्यांचे हात नीट लागेपर्यंत दिल्लीवाल्यांनी बाळ सोडलंच नाही.

"आता नाही विचारलंत, आधी कोण ते?" द्वारका म्हणाली. "क्षणभर चारी हात लेकराखाली होते, म्हणून ते पडलं नाही. आमचा पूलही तसाच धरा की!"

बायका खो-खो हसल्या. साहेबही हसले. बाळानं मुंबईवाल्यांचं बोट मुठीत धरलं होतं. ते सुटायच्या आत दोघांनी मिळून कामाची तारीख ठरवली.