मागे बांधलेले दोर

एकदा एक खाडी होती आणि तिला पूल मान्य नव्हता. आजोबांच्या काळात लोकांनी दगडी खांब उभे केले, ते तिने गिळले. मग लोखंडी खांब रोवले, ते तिने वाकवून दाखवले. तळाशी चिखल असा अथांग, की खांबाला पाय टेकायला जागाच सापडेना. पुढे तिथून महामार्ग न्यायचं ठरलं. महामार्गाला होडीत बसवून पलीकडे नेता येत नाही, हे सरकारच्याही ध्यानात आलं आणि एका वृद्ध स्थपतीला बोलावणं गेलं. (स्थपती म्हणजे पुलाचा इंजिनियर. पण अशा गोष्टीत इंजिनियर म्हटलं, तर उपदेश कोण ऐकणार?)

वृद्धाने खाडी निरखली आणि म्हणाला, “हिला हात लावायचाच नाही. वरून उडी मारायची.”

उडी म्हणजे पोलादाची एकच विशाल कमान. एक पाय या डोंगरात, दुसरा त्या डोंगरात, आणि रस्ता कमानीला खालून टांगलेला. आता गंमत अशी, की अर्धी कमान ही कमान नसतेच. ती नुसती पुढे झुकलेली, पडायला आलेली असते. म्हणून दोन्ही काठांवरून एकमेकींकडे सरकणाऱ्या अर्ध्या कमानी मागच्या खडकात रोवलेल्या पोलादी दोरांनी धरून ठेवल्या होत्या. टोकं मधोमध भेटली की दोर सोडायचे, असा बेत.

वृद्धाचा एक शिष्य होता. बुद्धिमान, पदवीधर, आणि काळजी करण्यात गुरूच्या कितीतरी पुढे. अलीकडच्या काठाचा पाया वृद्धाने त्याच्याकडून आखून घेतला होता. कमानीचा सारा रेटा ज्या खडकावर यायचा, तो खडक या पोराने निवडलेला. आयुष्यातला पहिलाच पाया.

टोकं भेटली, पेढे वाटले गेले. वृद्धाला भाचीच्या लग्नाला जायचं होतं. जाताना तो म्हणाला, “दोन्हीकडचे दोर थोडेथोडे ढिले करत सगळे सोडून दे. मग माथ्याचे पक्के बोल्ट बसव.”

शिष्याने पलीकडचे सगळे दोर सोडले. अलीकडचेही सोडत आणले. शेवटची जाड जोडी उरली आणि त्याचा धीर सुटला. आपणच निवडलेला खडक दगा देणार नाही कशावरून? राहू दे ही जोडी, असली तर आधारच होईल, असं त्याने स्वतःला समजावलं.

आणि कमान रुसली. माथा अलीकडे ओढला गेला, सांध्यातले तात्पुरते खिळे करकरू लागले, आणि पक्क्या बोल्टांसाठी भोकाला भोक जुळेना. देहाने ऐसपैस असलेले कंत्राटदार शेठ घाम पुसत म्हणाले, “अहो, भोकं मोठी करा! वर चढून बघतोय कोण?”

भोकं मोठी केली तर सांधा जन्मभर खिळखिळा. न करावीत तर खिळे तुटून अख्खी कमान खाडीत. शिष्याला जेवण जाईना. कमान का रुसली ते त्याला ठाऊक होतं, फक्त तोंडातून निघत नव्हतं.

तेवढ्यात वृद्ध परतला. छत्री मिटून त्याने वर पाहिलं.

“दोर सोडले?”

“सोडले, गुरुजी. म्हणजे... जवळजवळ.”

“जवळजवळ! काल आमच्या नवरदेवाने हार घालताना असं म्हटलं असतं, तर मांडवातच मार खाल्ला असता.” मग तो वळला. “शेठ, जरा वाळूत या. तू पण ये रे. समोरासमोर उभे राहा, तळव्याला तळवे लावा. आता पाय मागे सरकवा आणि एकमेकांवर भार टाका.”

“या वयात फुगडी खेळायची का?” शेठ कुरकुरले, पण झुकले. शिष्यही झुकू लागला, तोच वृद्धाने मागून त्याचा पट्टा घट्ट धरला. शेठच्या भाराला समोरून उत्तरच मिळेना. हात घसरले आणि शेठ पोटावर वाळूत पालथे. मजूर हसून हसून बेजार.

“पुन्हा,” वृद्ध शांतपणे म्हणाला.

“पुन्हा मी नाही!”

“या वेळी मी धरणार नाही.”

दोघे झुकले, भार भाराला भेटला, आणि स्थिर झाले. वृद्धाने त्यांच्या जुळलेल्या हातांवर वरून आपले दोन्ही हात रेटले. तळवे आणखी घट्ट बसले.

“कमान म्हणजे एवढंच,” तो म्हणाला. “दोन पडणाऱ्या गोष्टी एकमेकींवर पूर्ण विसंबल्या की त्या उभ्या राहतात. एकीला मागून धरलं की दुसरीचाही घात होतो. दोर वाईट नव्हते बाळा, त्यांनीच तर इथवर आणलं. पण त्यांचं काम संपलं.”

“गुरुजी, माझा पाया खचला तर?” अखेर निघालं एकदाचं.

“तर तो आज खचू दे, पूल रिकामा असताना. प्रवाशांनी भरलेली एसटी वर असताना खचण्यापेक्षा बरं. तुझा खडक मी तपासला होता. चुकला असतास तर तुझा कान अजून लाल असता. पण माझा विश्वास तुझ्या काय कामाचा? हुकूम तुलाच द्यावा लागेल.”

शिष्याने माणसांना कमानीवरून आणि खालून दूर केलं. मग घसा खाकरून हुकूम दिला. शेवटचे दोन्ही दोर ढिले होत गेले. कमानीतून एक खोल, लांबलचक हुंकार निघाला. माथा सावकाश मध्यावर आला, जरासा खाली बसला आणि थांबला. खिळ्यांची करकर बंद झाली. मजूर वर गेले, आणि पक्का बोल्ट बोटांनी ढकलला तसा भोकातून आरपार गेला.

शिष्य कमानीच्या पायाशी, आपल्या खडकापाशी जाऊन उभा राहिला. त्याने पोलादावर तळहात ठेवला. डोंगराएवढा भार त्या जागी येऊन पोचला होता, आणि तिथे इतकं स्वस्थ होतं की त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला.

वाचकहो, आपणही कुणावर तरी विसंबलो आहोत असं सांगत फिरतो. मागे कुणी पट्टा धरून उभं आहे का, ते एकदा चाचपून पाहावं.