गेनूने मोजलेले प्रोसेसर

खानूर गावात गेनू नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. फक्त भलत्या ठिकाणी वापरी.

गावच्या दूध संघात त्याला संगणकाच्या खोलीवर तीन महिन्यांसाठी घेतलं. सासऱ्याने बजावलं होतं, "जावईबापू, कायम झालात की हौसाला नांदायला पाठवतो. तोवर नाही."

खोलीत एक लोखंडी पेटी होती. तिच्यात चार प्रोसेसर. प्रोसेसर म्हणजे यंत्राचा मेंदू. पहिल्याच दिवशी व्यवस्थापक नलवडे साहेबांनी विचारलं, "गेनू, यंत्रं किती आहेत?"

गेनूने पडद्यावरची नावं वाचली. "पाच, साहेब."

"ती आभासी रे! एका पेटीच्या पोटात पाच असल्यासारखी भासतात. मोजताना बाहेरचं लोखंड मोजायचं."

"बरं, साहेब."

आठवड्याने संघ पाहायला पाहुणे आले. साहेब म्हणाले, "किती आलेत बघ. स्वयंपाक सांगायचाय."

गेनू फाटकापर्यंत जाऊन आला. "एक."

एका जीपमधून बारा जण उतरले आणि एका ताटाभोवती बसले.

"गाढवा, लोखंड कसलं मोजतोस! आत किती मावतात ते मोजायचं!"

"बरं, साहेब."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फोनवर विचारलं, "आज दूध किती आहे?" अंगणात चाळीस कॅन धुऊन वाळत घातले होते. एकात चाळीस लिटर मावत. "सोळाशे लिटर," गेनू म्हणाला.

शहरातून टँकर आला. कॅनांत वारा होता. टँकरवाला जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, मावतं ते नव्हे! कामाला लागलंय तेवढंच धर. बाकीचं बाजूला काढून ठेव."

"बरं, साहेब."

मग आली तपासणी. दुधाच्या नोंदी ज्या सॉफ्टवेअरमध्ये होत, त्याचा परवाना दोन प्रोसेसरांचा होता. ते एका आभासी यंत्रात, दोनांवरच चाले. पण आभासी यंत्र पेटीत कुठंही सरकू शकतं, म्हणून सॉफ्टवेअरची कंपनी चारही मोजून दंड लावणार. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"गेनू, उद्या एक जरी प्रोसेसर जादा निघाला तर तू घरी. नाही निघाला तर तू कायम. माझा शब्द!"

सकाळी दूध घालणाऱ्यांची रांग लागली. गेनूने पेटीची वीज बंद केली आणि स्क्रू काढले. दोन प्रोसेसर जादा. ते उपटून त्याने एका रिकाम्या कॅनमध्ये ठेवले. मग उरलेल्या दोघांकडे पाहिलं. पेटी तर बंद. म्हणजे हेही कामाला लागलेले नाहीत. तेही उपटले.

रांगेतून सोनाबाई ओरडली, "मेल्या, मापाची पावती का निघंना?"

"तपासणी आहे, मावशी. दूध बाजूला काढून ठेवा."

सगळ्यांचं दूध उन्हात उभं राहिलं.

तपासनीस आला. त्याने पेटीत डोकं घातलं आणि बाहेर काढलं.

"प्रोसेसर किती?"

"एकही नाही."

"मग सॉफ्टवेअर कुठं चालतं?"

"चालत नाही."

"चालू शकतं कुठं?"

"कुठंच नाही, साहेब."

तपासनीसाने जाड नियमावली दोनदा चाळली. "परवाना दोनांचा, वापर शून्य. इतका नियम पाळणारा संघ मी पाहिला नाही." सही ठोकून तो गेला.

नलवडे साहेब शब्दाचे पक्के. त्यांनी तिथल्या तिथे गेनूच्या कागदावर 'कायम' लिहिलं. मग ते बाहेर आले. दूध नासलं होतं. माणसं त्याहून जास्त नासली होती. दुसऱ्या दिवसापासून साऱ्या गावाने शेजारच्या गावी दूध घातलं. महिन्याभरात संघाला टाळं लागलं. साहेबही गाव सोडून गेले.

हौसा नांदायला आली. चार दिवस तिने पाहिलं. नवरा सकाळी डबा घेऊन जातो, बंद फाटकापाशी बसतो आणि संध्याकाळी परत येतो. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "अहो, संघ बंद झाला ना?"

"संघ झाला," गेनू म्हणाला. "मी कायम आहे."