दादाला दिलेली ढील

एका गावात एक भोळा गेणू होता. गाव लाडात असलं की त्याला भोळा म्हणायचं. एरवी काय म्हणायचं ते जाऊ द्या.

त्याचा थोरला भाऊ हिरोजी शहरातल्या पाहुण्यांना दोर लावून कड्यावर चढवायचा. पाहुणे फार हुशार. मागून चांगली पायवाट असताना पुढून कड्यानंच जायचे.

"दादा, मला शिकव," गेणू म्हणाला.

"आधी श्रेणी शीक. सोपी, मध्यम, कठीण. सगळा कडा सोपा आणि एकच जागा अवघड, तरी कडा कठीणच म्हणायचा."

"बरं दादा."

घरी जेवताना दाताखाली खडा आला. "आई, भात कठीण!" म्हणत गेणूनं अख्खं पातेलं कोंबड्यांपुढं ओतलं.

"येड्या, नडेल तेवढंच काढून टाकायचं!" दादा ओरडला.

"बरं दादा."

दुसऱ्या दिवशी कड्यात ठोकलेली मेख गेणूच्या गुडघ्याला नडली. त्यानं उपटून टाकली. दादा वर लोंबकळत राहिला.

"गाढवा, मेख म्हणजे जीव! मेख दिसली की दोर तिलाच बांध!"

"बरं दादा."

पुढच्या खेपेला गेणूनं दोर म्हशीच्या मेखेला बांधला. म्हैस मेखेसकट पाण्यावर निघाली आणि दुसऱ्या टोकाचे पाहुणे सरसर वर गेले. वर जाऊन त्यांनी फोटो काढले.

दादानं कपाळाला हात लावला. "तू दोर नुसता हातात धर. वरचा अडला, हलेना, तर समजायचं दोर ताणलाय. मग 'ढील' म्हणून ओरडायचं आणि दोर सोडायचा."

"बरं दादा."

मग दादाला ताप आला. डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे. साध्या तापानं दादा गेला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. शिवला नाही तर दादाचा जीव अडकून राहणार. आईनं तोंडाला पदर लावला.

काका म्हणाले, "हिरोजी, तुझ्या आईला मी सांभाळीन." कावळा काकांना ओळखत असावा. हलला नाही.

मामा म्हणाले, "गेणूला मी दुकानात ठेवतो." कावळ्यानं तोंडच फिरवलं.

"दादा अडलाय," गेणू म्हणाला.

दादाचा दोर आता म्हशीच्या गळ्यात होता. दादा गेल्यापासून गेणूनं तो हातातून सोडला नव्हता. आता सोडला.

"दादा, ढील!"

म्हैस थेट पिंडापाशी गेली. पिंड खाल्ला, खालची पत्रावळही खाल्ली.

"मेल्या, काय केलंस हे!" काका किंचाळले.

गेणू आईजवळ जाऊन बसला. "रडू नको, आई. म्हशीनं एकही खडा थुंकला नाही. श्रेणी सोपी. दादा पोचला असेल."