कार्ड हरवल्याची बातमी

सांगलीचे भार्गवराव सुनेचं क्रेडिट कार्ड घेऊन औषधं आणायला गेले आणि वाटेत ते कुठेतरी पडलं. घरी येऊन ते खाली मान घालून म्हणाले, "मृदुला, तुझं कार्ड हरवलं गं माझ्याकडून."

मृदुलाने आधी त्यांना पाणी दिलं. कार्ड बंद करायला बँकेला फोन लावणार, तोच तिचा मोबाइल वाजला. कार्डाच्या पाकिटावर तिने सासऱ्यांच्या सोयीसाठी आपला नंबर लिहिलेला होता.

"बँकेचा मुख्य अधिकारी बोलतोय," पलीकडचा माणूस दरडावून म्हणाला. "तुमचं कार्ड हरवलंय. म्हाताऱ्या माणसाच्या हातात कार्ड देतं का कुणी? आता ते बंद करायचं तर मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा. नाहीतर नुकसानीला तुम्ही जबाबदार."

ते भार्गवरावांनाही ऐकू गेलं आणि त्यांचा चेहरा आणखीच उतरला. मृदुलाने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"साहेब," ती शांतपणे म्हणाली, "बँकेला मी अजून काहीच कळवलेलं नाही. कार्ड हरवल्याचं आम्हा दोघांना ठाऊक आहे आणि ज्याला ते सापडलं त्याला. आणून देताय, की तुमचा हा नंबर पोलिसांना देऊ?"

फोन तिथेच बंद झाला. तिने लगेच बँकेच्या खऱ्या नंबरावर कळवून कार्ड बंद करून घेतलं.

"मला आता बाहेरची कामं सांगू नकोस," भार्गवराव पुटपुटले.

"बाबा, कार्ड बंद केलं तेवढं पुरे. तुमचं बाहेर जाणं कशाला बंद करायचं? उद्या बाजारात चला माझ्याबरोबर. मला अजून कोवळी वांगी ओळखता येत नाहीत."